किल्ली होती, दार नव्हतं

विहीणबाई, जिंकलो आपण! अहो, खरंच जिंकलो. पैसे आले. तुमचेही आले, माझेही आले. पुरते नाही आले, रुपयातले बारा आणे आले, पण ज्या बिल्डरच्या ऑफिसला दोन वर्षं कुलूप होतं आणि ज्याचा फोन लागतच नव्हता, त्याच्या खिशातून बारा आणे निघाले! मला तर बँकेतच नाचावंसं वाटलं. गुडघे म्हणाले, बस खाली.

तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले. निकाल लागला त्याच दिवशी हे लिहायला बसले होते, पण मग म्हटलं थांबावं. तुम्हाला अर्धवट सांगितलं की "मंग? मंग काय झालं?" करून जीव खाता. सगळं पार पडू दे, मग एकदम सांगू. आज सगळं पार पडलं. मी हे कुठं बसून लिहिते आहे तेही सांगणार आहे, पण शेवटी. मध्ये तोंड घालायचं नाही. आयुष्यात एकदा तरी मला सलग बोलू द्या.

तुमचा आवाज मला तुमच्या आधी भेटला, आठवतं का? माझ्या मंगेशसाठी तुमची वैशाली पाहायला आम्ही शेलूबाजारहून रिसोडला आलो होतो. तुमच्या घराला लागून तुमचं मिरची-हळदीचं कांडप. मशीन चालू, सगळीकडे लाल धूळ, आम्हाला दारातच ठसका. तुम्ही आम्हाला पाहून मशीन बंद केली, पण आवाज काही बंद झाला नाही.

"या इहीनबाई, या! ठसका लागला काय? पाणी आण वं वैशाली, इहीनबाईले ठसका लागला!"

अजून पोरगी पाहिली नव्हती, पसंती नव्हती, काही नव्हतं, आणि तुम्ही मला विहीण करून मोकळ्या! परत येताना जीपमध्ये मंगेशचे बाबा माझ्या कानात म्हणाले, "पोरगी सोनं हाये. पण माय माइक गिळून बसली." मी इतकी हसले की जीपवाल्यानं मागं वळून पाहिलं.

तीस वर्षं त्या मशीनच्या घरघरीत गिऱ्हाइकांशी बोलून तुमचा गळाच तसा बनला होता. हळू बोलणं तुम्हाला येतच नव्हतं. दवाखान्यात माझ्या शेजारी बसून तुम्ही 'कानात' सांगितलं होतं की समोरच्या बाईचं पोट दिवसांचं आहे का नुसतंच आहे ते कळत नाही. ती बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. मला धरती पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि लग्नात! मांडवात बँडवाले रंगात आलेले, आणि तुम्ही बोहल्याजवळून ओरडलात, "बंद करा तो बँड! इहीनबाईचे पाय धुवाचे हायेत!" बँड बंद. दोन्हीकडचं वऱ्हाड माझ्या पायांकडे पाहून राहिलेलं. टाचांना भेगा होत्या हो माझ्या.

पण मान मात्र तुम्ही शेवटपर्यंत पाळला. मी खाली बसले असेन तर तुम्ही कधी बाजेवर बसल्या नाहीत. ताट आधी मला. मी किती वेळा म्हटलं, "आता कायचा मान वं? दोघीबी म्हाताऱ्या झालो."

"नाई नाई. तुमी पोराची माय. मान तो मान."

पुढं दोघींचेही मालक गेले. आधी तुमचे, मग माझे. पोरं पुण्यात. दोघंही म्हणायचे, आई, इकडे या, दोघी या. मी महिनाभर जाऊन आले, तुम्ही आठच दिवसांत परत. "तिथं माणूस लिफ्टात भेटते अन् लिफ्टातच राह्यते," म्हणालात. मग एके दिवशी तुमचाच फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकला, नेहमीसारखा. वाशीमला, गावाच्या कडेला, रो-हाऊस होऊन राहिले आहेत. दोघी शेजारी शेजारी घेऊ. दवाखाना जवळ, रेल्वे जवळ, पोरांना यायला सोपं. आणि दोघींना दोघी!

मला तर पंख फुटले. मी शेलूबाजारची पिठाची गिरणी जागेसकट विकली. तुम्ही तुमच्या मालकांचा प्लॉट विकला. नकाशा पाहायला गेलो तेव्हा तुम्ही दोन घरांमधल्या भिंतीवर बोट ठेवलं. "साहेब, इथं एक दार ठेवा."

मी म्हटलं, "कायले? भिंत राहू द्या."

"अवं, पावसात इकडून तिकडं जायले."

"छत्री हाये नं. इहिणी-इहिणीत एक भिंत असली पाह्यजे. नाईतर चार दिवसांत भांडण."

"दार नसलं त भांडाले कुठून याव म्या?"

बिल्डरसाहेब हसून हसून लाल झाले. दार काही ठेवलं नाही. तुम्ही रागावून दोन दिवस फोन केला नाही. विहीणबाई, ते भांडण आपलं मिटलंच नाही. त्याचंही आज मिटवते.

आता गृहप्रवेशाचं. हे सांगायला मी वर्षभर लाजत होते, पण आता मला उलट सांगायची घाई झाली आहे!

आषाढ तोंडावर आलेला. एकदा चातुर्मास लागला की चार महिने मुहूर्त नाही. बिल्डर म्हणाला, काम जवळजवळ झालं, आजी, तुम्ही मुहूर्त साधून घ्या, राहिलेलं होत राहील. आणि मी अडून बसले. मुहूर्त चुकवायचा नाही म्हणजे नाही. तुम्ही म्हणत होत्या, "अवं पण घर त होऊ द्या." मी ऐकलं नाही. आपल्याकडे असंच करतात सगळे. घर अर्धं असलं तरी कलश ठेवून घेतात, दूध ऊतू घालतात, मग गवंडी पुन्हा कामाला लागतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण ते आपल्या हातानं बांधलेल्या घराला ठीक आहे, बिल्डरच्या घराला नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

पुढच्या खोलीवर स्लॅब, मागं सगळं आभाळ. खिडक्यांच्या जागी भोकं. ओटा नाही म्हणून तीन विटांवर दूध ठेवलं. दोघींनी नव्या साड्या नेसलेल्या, डोक्यावर कलश. वैशाली मोबाईलवर शूटिंग करून राहिली होती. बिल्डरसाहेब पेढ्याचा बॉक्स घेऊन आले, सोबत फोटोवाला. एका ताटात लाल रिबीन बांधलेल्या दोन किल्ल्या. आणि दोन कागद.

विहीणबाई, इथं मला जरा थांबू द्या. पाणी पिते.

मी शाळेत गेलेली नाही, तुम्हाला माहीत आहे. मंगेश पहिलीला गेला तेव्हा त्याच्याच पुस्तकातून मी त्याच्यासोबत शिकले. गिरणीवर बसून, पिठाच्या बोटांनी पाटीवर अक्षरं काढत. पुढं वर्तमानपत्र वाचायला लागले, मग बाया माझ्याकडे कागद वाचून घ्यायला यायला लागल्या. ज्यांची पत्रं वाचली त्यांनी दळणाला कधी घासाघीस केली नाही! तुम्हाला सही येत होती, वाचताना मात्र अडखळायच्या. आणि रिसोडभर सांगत फिरायच्या, "आमच्या इहीनबाई वकिलासारख्या वाचतात." मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी माझा चष्मा शेलूबाजारला दिवाणावर राहिला होता.

बिल्डरनं कागद पुढं केला. मुहूर्ताची वेळ जाऊन राहिली होती, पंडित घाई करत होते, चार लोक उभे. तुम्ही मला विचारलं, मोठ्यानं, तुमच्याच आवाजात, "इहीनबाई, वाचलं का नीट? काय लिवलं हाये?"

आणि मी तो कागद डोळ्यांपुढं धरला, ओठ हलवले, मुंग्याच मुंग्या दिसत होत्या मला, आणि म्हटलं, "वाचलं वाचलं. किल्लीची पावती हाये. करा सही."

तुम्ही सही केली. मीही केली.

कागदावर लिहिलेलं होतं की बांधकाम पूर्ण झालं, समाधानकारक झालं, आणि आम्हाला घराचा ताबा मिळाला.

पुढचं सगळं तुम्ही पाहिलंच आहे. काम बंद पडलं. वॉचमन गेला. सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले. आपल्या देवघराच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी शेळ्या बसायला लागल्या. आपल्या पैशानं त्यानं दुसरीकडे आणखी एक स्कीम काढली होती, ती बुडाली, आपल्या स्कीमलाही घेऊन बुडाली. एकोणीस घरं बुक झालेली. सगळे मिळून ग्राहक मंचात गेलो. नाजनीन वकीलबाई भेटल्या हे आपलं नशीब. वयानं वैशालीएवढ्या, पण कागद असा धरायच्या जसं सुईण मूल धरते. बिल्डरची दुकानांची जागा जप्त झाली, तहसीलनं लिलाव केला, आणि सतरा जणांना त्यांचा त्यांचा वाटा मिळाला. आपल्या दोघींचा तेवढा राहिला. का? तर त्याच्या वकिलानं फोटो काढून दाखवले. आपण दोघी कलश घेऊन हसून राहिलो आहोत. मागं झेंडूची माळ. माळेच्या वरचं आभाळ फोटोवाल्यानं कापून टाकलेलं! आणि सोबत तो कागद. "आजींनी गृहप्रवेश केला, किल्ली घेतली, ताबा घेतला. घर मिळालं म्हटल्यावर पैसे कशाचे?"

बाहेर व्हरांड्यात ते सतरा जण उभे होते. कुणीतरी म्हणालं, कागद न वाचता सही कशी केली हो? तुम्ही लगेच छातीवर हात ठेवून म्हणालात, "माह्यी चुकी हाये. म्याच घाई केली सहीची. इहीनबाईले काही बोलू नोका."

मी तिथंच उभी होते. पदराशी खेळत.

आणि त्याहून वाईट सांगते. जीपस्टँडकडे चालताना तुम्ही म्हणालात, "वैशालीनं शूटिंग केलं होतं नं? त्याच्यात सारं दिसन. छत नाई, दार नाई." त्या शूटिंगमध्ये माझं "वाचलं वाचलं" होतं! मी म्हटलं, "तो फोन खराब झाला म्हणे. गेलं सारं." मी वैशालीला विचारलंसुद्धा नव्हतं. पुढं तुम्ही आणखी एकदा विषय काढलात, आणि मी पुन्हा तेच बोलले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणालात, आणि डबा उघडलात.

विहीणबाई, वर्षभर मी हे गिळून होते. माझ्या एवढ्याशा मानासाठी मी तुमचे पैसे अडकवून ठेवले. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. दर तारखेला ठरवायची, आज सांगू. आणि दर तारखेला मजा इतकी यायची की राहून जायचं.

मजाच म्हणायची ना ती! तुम्ही रिसोडच्या एसटीनं, मी शेलूबाजारच्या जीपनं. वाशीमच्या स्टँडवर जी आधी पोचेल ती चहा सांगून ठेवणार. माझ्या भाकरी, तुमचा हिरव्या मिरचीचा ठेचा. मंचाच्या बाहेरच्या बाकावर आपण डबे उघडले की शिपाईसुद्धा ठसका लागूनही हात पुढं करायचा. आणि तुमच्या कमरेच्या बटव्यात ती किल्ली, लाल रिबिनीसकट! दर तारखेला काढून दाखवायच्या. "आणली बरं का म्या. एखादं दार भेटलं त लावून पाहू." बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत यायचो, पण मी येताना कधी उदास आले नाही. बिल्डरनं घर दिलं नाही, पण तुमच्यासोबत महिन्याचा एक दिवस मला नेमानं दिला, हे मात्र कबूल करावं लागेल.

मग शेवटच्या तारखेच्या तीनेक आठवडे आधी तुम्ही कांडपावर बसल्या बसल्या, हळदीच्या पोत्याला टेकून, गेलात. मशीन चालूच होती म्हणे. गिऱ्हाईक बोलत राहिलं, तुमच्याकडून उत्तर आलं नाही, आणि तुमच्याकडून उत्तर आलं नाही म्हटल्यावर त्याला लगेच कळलं की काहीतरी झालं.

मी रिसोडला पोचले तर घर एवढं गप्प की मला घर चुकल्यासारखं वाटलं.

तेरवीच्या आदल्या दिवशी वैशाली म्हणाली, "आई, मले मायचा आवाज ऐकाचा हाये. एक बी रेकॉर्डिंग नाही माझ्या नव्या फोनात." रडत रडत पुण्याहून आणलेल्या बॅगेत शोधायला लागली. आणि तिचा जुना फोन निघाला. चार्जिंगला लावला. चालू झाला! खराब वगैरे काही झालेला नव्हता, कधीच. नवा घेतला म्हणून बाजूला पडलेला, आणि केसला तो लागेल हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते शूटिंग लावलं आणि विहीणबाई, तुम्ही घरात आल्या! भिंती हादरल्या! बिल्डर ताटातून किल्ली देतो, फोटोवाला म्हणतो इकडे पाहा, आणि तुम्ही किल्ली हातात धरून म्हणता,

"साहेब, किल्ली त देल्ली. पण दार कुठी हाये? का हे किल्ली कमरेले खोचून गावभर फिरू? अन् वर पाहा वं वैशाली, वर दाखव, हे पाहा आमच्या घराचं छत. कावळा बसला हाये आमच्या छतात!"

आणि फोन वर जातो, आणि खरंच आभाळ, आणि एक कावळा. आम्ही सगळे रडता रडता असे हसलो, असे हसलो, की तेरवीच्या घरातून हसण्याचा आवाज येतो म्हणून शेजारच्या बाया डोकावल्या. वैशालीला पुढचं पाहवलं नाही. तिनं तिथंच बंद केलं. मीही म्हटलं, राहू दे. मला ठाऊक होतं पुढं काय आहे. निदान मला तसं वाटत होतं.

मंगेशनं त्याच वेळी नाजनीन वकीलबाईंना फोन लावला. त्या फोनमध्येच ओरडल्या, "फोनला कुणी हात लावू नका! काही पुसू नका!" मग वैशालीचं प्रतिज्ञापत्र झालं, की फोन माझा, शूटिंग मी केलं, त्यात काही जोडलं-तोडलं नाही.

तारखेच्या दिवशी मी एकटी जीपनं गेले. स्टँडवर दोन चहा सांगितले. सवयीनं. दोन्ही मीच प्याले.

हॉलमध्ये स्पीकर लावला. अध्यक्ष मॅडम पुढं वाकून पाहत होत्या. तुमचा दाराचा आणि कावळ्याचा डायलॉग झाला आणि मॅडमनी तोंडावर फाईल धरली. हसत होत्या हो! आपला तो ठेचा खाणारा शिपाई तर दारात उभा राहून खो खो. बिल्डरचा वकील उठला, "मॅडम, एवढं पुरे."

मॅडम म्हणाल्या, "शेवटपर्यंत लावा."

शेवटपर्यंत. तुमचा आवाज आला, "वाचलं का नीट?" आणि माझा, "वाचलं वाचलं." मी डोळे मिटून घेतले. मग शूटिंगमध्ये मी बाजूला गेलेली, पंडितांना दक्षिणा द्यायला. वैशाली फोन धरून तुमच्याजवळच होती. आणि स्पीकरमधून एक आवाज आला, इतका हळू, की मला आधी कळेचना कोणाचा आहे.

"वैशाली. इहीनबाईनं चष्मा नाई आणला. वाचल्यासारखं करून राह्यली बिचारी. तू काही बोलू नोको बरं. चार लोकांत मान जाईन तिचा. दे तो पेन."

विहीणबाई! अहो तुम्हाला हळू बोलता येत होतं! सगळा जन्म तुम्ही ओरडून घालवला, आणि एकदा, फक्त एकदा, हळू बोलल्या, आणि ते माझ्यासाठी! तुम्हाला सगळं माहीत होतं. व्हरांड्यात छातीवर हात ठेवला तेव्हा माहीत होतं. मी फोन खराब झाला म्हटलं तेव्हा, तुम्ही "बरं" म्हणून डबा उघडला, तेव्हाही माहीत होतं.

मग बिल्डरचा वकील उसळला. "ऐकलंत ना? म्हणजे यांना कागद वाचला गेला नाही हे माहीत होतं, तरी सही केली! आणि दुसऱ्या आजी तर स्वतः म्हणतात, वाचला!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही सांगा. कागद वाचला होता का तुम्ही?"

मागच्या बाकावर सतरा घरांतले पाच-सहा जण आलेले. शेलूबाजारचे दोघं. ज्यांचे कागद मी जन्मभर वाचले त्यांच्यातली एक बाई त्यात. मी उठून उभी राहिले. मनात म्हटलं, आज हळू बोलून चालायचं नाही. आणि विहीणबाई, मी बोलले! तुमच्या आवाजात बोलले!

"नाई वाचला! चष्मा घरी राह्यला होता माह्या. मी खोटं बोलली. अन् माह्या मानापायी माह्या इहीनबाईनं डोळे मिटून सही केली. घर नव्हतं मॅडम, दार नव्हतं. त्या कागदावर काय लिवलं होतं ते आमच्यातल्या एकीनंबी वाचलं नाई."

माझा आवाज हॉलच्या बाहेर गेला म्हणे. व्हरांड्यातले लोक उठून पाहायला आले. मॅडमनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि बिल्डरच्या वकिलाला एवढंच विचारलं, "ताबा कशाचा दिलात? आभाळाचा?"

मला तेव्हाच कळलं, झालं! नाजनीन वकीलबाईंनी टेबलाखालून माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. निकाल लेखी यायला तीन आठवडे लागले, पैसे यायला आणखी तीन. तहसीलमध्ये आपला वाटा वेगळा ठेवलेलाच होता. व्याज काही मिळालं नाही, बारा आणेच मिळाले, पण बाकीच्यांना जेवढं तेवढंच आपल्यालाही. तुमच्या नावचे वैशालीच्या खात्यावर आले. ती म्हणाली, "आई, मायचे पैसे मायच्या घरालेच लावाचे."

एवढ्यात दोन घरं येत नव्हती. एक येत होतं. वाशीमलाच, बांधून झालेलं, लोक राहून गेलेलं, दोन खोल्यांचं, पुढं पारिजातकाचं झाड. मी स्लॅबकडे इतका वेळ पाहिलं की विकणाऱ्याला वाटलं माझी मान धरली. नळ सोडून पाहिले. संडासची कडी लावून पाहिली. मग खरेदीचे कागद आले, अकरा पानं. चष्मा लावला, आणखी एक चष्मा पिशवीत ठेवला होता, आणि त्या माणसाला उन्हात उभं करून अकराही पानं मोठ्यानं वाचली. मोठ्यानं, बरं का! तो म्हणाला, "आजी, हळू वाचा नं, लोक पाहून राह्यले." मी म्हटलं, "पाहू दे."

त्याच घरात बसून मी हे लिहिते आहे. परवा दूध ऊतू घातलं. ओट्यावर, विटांवर नाही. पंडितांनी सांगितलं, या वेळी कुणी मध्ये बोलू नका. सगळे गप्प राहिले आणि मला काही करमलं नाही.

पुढची खोली माझी. मागची तुमची. तुमची बाज रिसोडहून आणली, हळदीचा वास अजून गेला नाही तिचा, जाऊही नये. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार होतं, सागवानी, चांगलं. काल मिस्त्रीला बोलावून ते काढायला लावलं. तो म्हणाला, "काहून काढता आजी? चांगलं दार हाये." मी म्हटलं, "एक भांडण मिटवाचं हाये." नुसती चौकट ठेवली.

तुमच्या बटव्यातली ती किल्ली वैशालीनं मला दिली होती. रिबीन विटली आहे. चौकटीला खिळा ठोकून तिथं अडकवली आहे. किल्ली आहे, दार नाही. केव्हाही या.